रेशमाचे आखूड केस

तिच्या घराच्या भिंतींवर अकरा बायका होत्या आणि अकराही जणी येणाऱ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. कुणी खिडकीबाहेर बघत होती, कुणी पाण्याकडे, एक तर नुसतीच बंद दाराकडे तोंड करून उभी होती, जणू तिला कुणीतरी बाहेर काढलंय. पहिल्यांदा घरी येणाऱ्या माणसाला वाटायचं, आपण चुकीच्या वेळी आलो. जुन्या ओळखीचे मात्र पाण्याचा पेला हातात घेऊन एकेका चित्राजवळ जायचे आणि म्हणायचे, "काय केस आहेत हो! अगदी हात फिरवावासा वाटतो." ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "फिरवू नका, रेशीम आहे!" आणि मग गालातल्या गालात हसायची.

सगळ्या बायका पाठमोऱ्या का, असं कुणी विचारलं तर तिचं उत्तर तयार असे. चेहरा दाखवला की बघणाऱ्याची कल्पनाशक्ती झोपते, पाठ दाखवली की जागी होते. हे वाक्य कुठल्या मासिकात वाचलं होतं की स्वतःच रचलं होतं, ते तिलाही आता आठवत नव्हतं. खरं कारण एवढंच, की तिला नाक येत नव्हतं. पहिल्या चित्रातल्या बाईला तिने चांगला समोरून चेहरा दिला होता. नाक भरून झालं तर ते अंगठ्यासारखं दिसायला लागलं. उसवून पुन्हा भरलं, तर पायाच्या अंगठ्यासारखं. नवऱ्याने ते चित्र उजेडात धरून बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "ही तुमच्याकडची का?"

ते चित्र भिंतीवर लागलंच नाही, आणि त्यानंतर तिने कुठल्याही बाईला वळू दिलं नाही.

पोटासाठी ती एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काम करायची. पुढे काउंटरवर मालक, त्याच्या मागे वाफेची इस्त्री आणि तिच्याही मागे, खिडकीपाशी, हिचं शिवणयंत्र. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या, झिजलेल्या कॉलरी उलटवून लावायच्या, कोटांची फाटकी अस्तरं काढून नवी घालायची. तेवीस वर्षं हेच. या कामाची गंमत अशी की ते चांगलं झालं तर कुणाला दिसतच नाही. नवी दुमड घातलेली पँट घालून कुणी कधी परत आलं नाही, की वा बाई, काय दुमड घातलीत! म्हणून चाळिशीनंतर तिने काहीतरी दिसणारं करायचं ठरवलं.

कोपऱ्यावर लोकर आणि दोऱ्यांचं एक दुकान होतं. त्याच्या मालकिणीला सगळे लोकरवालीच म्हणत. ती हिची मैत्रीण, आणि जगातली एकमेव व्यक्ती जिच्याशी वाद घालून ही कधीही जिंकली नव्हती. तिच्याकडे चित्र छापलेलं जाळीचं कापड मिळायचं. जाळीच्या एकेका भोकातून तिरपा टाका घालत गेलं की चित्र भरत जातं. दुकानात दर बुधवारी जमणाऱ्या बाकीच्या बायका सगळंच लोकरीने भरायच्या, केससुद्धा, त्यामुळे त्यांच्या राजकन्या डोक्यावर स्वेटर घातल्यासारख्या दिसायच्या. हिने केस रेशमाने भरायला सुरुवात केली आणि बुधवारच्या बैठकीत तिचं नाव 'केसतज्ज्ञ' पडलं. नाव चेष्टेने पडलं होतं. तिने ते मनावर घेतलं.

केसांच्या बाबतीत ती खरंच हुशार होती हे मान्य करायला हवं. ती स्वतः तर ते केव्हाच मान्य करून बसली होती. सहापदरी रेशीम घ्यायचं, त्याचा एकेक पदर सुटा करायचा. शिवणकामाने बोटांची टोकं खरखरीत झालेली, त्यात रेशीम अडकायचं, म्हणून आधी नखं घासायच्या पट्टीने बोटं घासायची आणि मग हाताला क्रीम लावून ते पूर्ण जिरेपर्यंत पंखा बघत बसायचं. काळे केस काळ्या दोऱ्याने भरायचे नसतात, हे ती नव्या बायकांना अशा थाटात सांगायची की जणू हा शोध तिनेच प्रयोगशाळेत लावलाय. खाली गडद तपकिरी, त्यावर निळसर काळा, आणि उजेड पडतो तिथे मध्येच एखादा तांबूस पदर. टाके लांब, केस वाढतात त्या दिशेने, भांगापासून निघून पाठीवरून खाली. दोरा ओढताना दुसऱ्या जाड, बोथट सुईने त्याला खालून आधार द्यायचा, म्हणजे पदर पीळ खात नाहीत, शेजारी शेजारी शहाण्यासारखे झोपतात.

आणि केस लांबच. कमरेपर्यंत, जमलं तर त्याखाली. "आखूड केसांत काय शोभा?" ती म्हणायची. हे म्हणताना तिच्या स्वतःच्या डोक्यावर उंदराच्या शेपटीएवढी वेणी होती, ती गोष्ट वेगळी.

लांब केस होते ते तिच्या लेकीचे. शाळा होती तोवर रोज सकाळी आणि नंतर दर रविवारी तिने ते विंचरले. लोक रस्त्यात थांबून विचारायचे, काय लावता हो? आणि ही अशी लाजायची जणू केस हिच्याच डोक्यावर आहेत. मग सत्ताविसाव्या वर्षी एका शनिवारी लेक बाहेर गेली आणि कानांच्या वरपर्यंत केस कापून आली. दारात उभी राहून म्हणाली, "कशी दिसते?"

ती म्हणाली, "दार लाव."

एवढ्यावर थांबली असती तरी भागलं असतं. पण पुढच्याच महिन्यात नात्यातलं लग्न होतं. तिथे नणंदेने हिला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, पोरीच्या केसांना काय झालं?" आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "टायफॉइड."

इतक्या पटकन आपल्याला टायफॉइड सुचला याचं तिलाच नवल वाटलं. पण रोग झाला म्हटलं की त्याला तारखा लागतात, डॉक्टर लागतो, ताप किती चढला ते लागतं. जेवणं होईपर्यंत तिने हे सगळं पुरवलं. एकवीस दिवस ताप. मग मुठीमुठीने केस. शेवटी डॉक्टरच म्हणाले, कापून टाका. नणंदेने डोळे पुसले. समोरच्या टेबलावर लेक आइस्क्रीमचा तिसरा कप खात होती. आजारातून उठलेल्या माणसाला भूक फार लागते, असंही तिने जाता जाता सांगून टाकलं.

पंधरा दिवसांनी नणंदेने आपल्या भाचीला फोन केला, "आता पचतंय ना गं सगळं?" लेकीने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आत्याचे आभार मानले आणि फोन ठेवला.

"आई, टायफॉइड?"

"मग काय सांगायचं होतं?"

"कापले म्हणून सांगायचं होतं."

उत्तर नसलं की ती भांडी घासायला घ्यायची. त्या दिवशी तिने घासलेलीही घासली.

भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं. लेक बोलायची, हसायची, भाजी आणून द्यायची, बापाशी पत्ते खेळायची. फक्त तिच्या खोलीत आईच्या हातचं काही उरलं नाही. आधी दोन उशांच्या खोळी होत्या, एक छोटी चौकट होती. एकदा कपाट आवरताना ही तळापर्यंत गेली, तर तिन्ही तिथे सापडल्या, कागदात व्यवस्थित गुंडाळून ठेवलेल्या. ते व्यवस्थित गुंडाळणंच तिला लागलं. फेकून दिल्या असत्या तर निदान राग आहे एवढं तरी कळलं असतं.

तीन वर्षं अशी गेली. मग लेक म्हणाली की ती दुसऱ्या शहरातल्या कचेरीत बदली मागतेय, वर्षभरात मिळेल, तिथे स्वतःचं वेगळं घर घेऊन राहणार. त्या आठवड्यातच हिने लोकरवालीकडून जाळीचं मोठं, कोरं कापड आणलं. लेकीचं चित्र करायचं, पाठमोरं अर्थात, आणि ते लेकीच्या नव्या घराच्या भिंतीवर लागलं पाहिजे. लागलं, तर काहीतरी सांधलं गेलं असं समजायचं. कपाटात गेलं तर मग... त्यापुढचा विचार न करता तिने सुई ओवली.

दहा महिने. दुकानात जायच्या आधीचा एक तास आणि आख्खा रविवार. असे केस तिने आजवर कधीच केले नव्हते. एकवीस छटा. खांद्यावर उजेडाची एक पट्टी अशी उतरली होती की पाणी ओतल्यासारखं वाटावं. मीटर-दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झालेला नवरा चित्रांच्या चौकटी करायचा. तोसुद्धा चौकट ठोकताना म्हणाला, "या खेपेला तू हद्द केलीस." तिने ते कौतुक समजून घेतलं.

लेकीच्या जाण्याला तीन आठवडे उरले असताना तिने चित्र सोफ्यावर टेकवून ठेवलं आणि हाक मारली.

लेकीने चित्राकडे पाहिलं, चौकटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "खूप मेहनत घेतलीस गं."

या घरात मेहनतीचं कौतुक पदार्थ बिघडला की व्हायचं.

"कोण आहे ही?" लेकीने विचारलं.

"कोण म्हणजे? तू!"

"अच्छा. टायफॉइडच्या आधीची."

नवऱ्याने हातातलं वर्तमानपत्र जरा वर घेतलं.

"नाही, म्हणजे छानच आहे," लेक म्हणाली. "पण इथेच राहू दे ना. बाकीच्या आहेत, तिला सोबत होईल." आणि खोलीत जाऊन ती पुन्हा खोक्यांना चिकटपट्टी लावायला लागली. ती पट्टी ओढल्याचा चर्र आवाज हिला संध्याकाळभर ऐकू येत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती तडक लोकरवालीकडे गेली. "दहा महिने मान मोडून तिचे केस तिला परत दिले मी!"

"तिने मागितले होते?" लोकरवालीने लोकरीचा गुंडा वळता वळता विचारलं.

"आईला मागावं लागतं का?"

"बरं मग. आता आखूड कर."

"आखूड केसांत शोभा नसते."

"शोभा नसते, की तुला येत नाहीत?" लोकरवालीने गुंडा खाली ठेवला. "तुझ्या त्या अकरा जणींपैकी एकीची मान दाखव मला. एकीचा कान? एकीच्या झग्याची मागची बटणं? बारा वर्षं बघतेय मी. तुला केस येतात हे खरं नाही गं, तुला केसांनी झाकता येतं."

ती उठून बाहेर पडली. अर्ध्या रस्त्यात आठवलं की पिशवी काउंटरवरच राहिलीय. ती आणायला परत जाणं म्हणजे हरल्याची पावती देणं, म्हणून ती डबा आणि किल्ल्यांशिवाय तशीच कामावर गेली. दिवसभर पँटी आखूड करताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. लांब टाका म्हणजे काय? कुठेही सुरू करा, कुठेही संपवा, चुकलं तर वरून दुसरा पदर घाला. खाली मान नको, पाठ नको, शिवण नको. इतकी वर्षं ती जिला सौंदर्यदृष्टी म्हणत होती, ती सोय होती. आणि लोकरवालीला हे बारा वर्षं माहीत असून ती एवढे दिवस कशी गप्प बसली, याचा राग तर वेगळाच.

केस उसवायला दोन सकाळी लागल्या. एकदा जाळीतून गेलेलं रेशीम पुन्हा वापरता येत नाही. ते पिशवीत जमत गेलं, सलूनच्या फरशीवर जमतं तसं. नवरा दारात येऊन उभा राहिला.

"काय चाललंय?"

"केस कापतेय."

तो आत गेला आणि आपलं जुनं भिंग घेऊन आला. मीटरचे काटे बघायला वापरायचा ते. टेबलावर ठेवून गेला.

सगळं उसवून झाल्यावर खाली काय होतं? कोरी जाळी. डोक्यापासून कमरेपर्यंत पांढरीशुभ्र. मान नव्हती, पाठ नव्हती. मुलीला एक कोपर होता आणि झग्याची खालची कड होती. दहा महिने जिच्यासाठी डोळे फोडले ती मुलगी मुळात तिथे नव्हतीच.

पाठ आणि कॉलर तिने चार दिवसांत उभी केली. कॉलर म्हणजे तिचा हातखंडा, आयुष्यात हजारो उलटवल्या होत्या. मानेपाशी मात्र गाडी अडली. डावा कान केला तो सुकलेल्या जर्दाळूसारखा झाला. आखूड केस भरायला घेतले तर डोक्यावर काळी टोपी बसल्यासारखी दिसली, कडा सरळ, कात्रीने कापलेल्या. तिने स्वतःची मान आरशात बघायचा प्रयत्न केला. मान बघायला वळलं की मान वळते, हे तिला बावन्नाव्या वर्षी समजलं.

मागच्या गल्लीत पुरुषांचं एक सलून होतं. कामावर जायच्या आधी ती तिथे जाऊन बाकावर बसली.

"काकू, कुणाची वाट बघताय का?" सलूनवाल्याने विचारलं.

"नाही. माना बघायच्यात."

तो भला माणूस. म्हणाला, बघा. गिऱ्हाइकं मात्र अवघडली. एका सुटाबुटातल्या गृहस्थांनी आरशात पाहिलं, तर मागे एक बाई डोळे बारीक करून, हातात वही घेऊन त्यांच्या मानेकडे बघतेय. त्यांची मान लाल झाली. तिने ती छटाही टिपून घेतली.

तीन सकाळी ती गेली. तिसऱ्या दिवशी सलूनवाल्याने तिची वही मागून पाहिली आणि कंगव्याने दाखवलं, "हे चुकतंय तुमचं. केस असे रेघेवर संपत नाहीत काकू. विरतात. खाली खाली एकेकटे होत जातात. आणि सगळे एका दिशेला कसे? आधी भोवरा बघायचा. भोवरा जसा फिरेल तसे केस. तुमच्या मुलीचा भोवरा कुठे आहे?"

तिने वही मिटली.

"वीस-पंचवीस वर्षं मी तिचे केस विंचरलेत," ती म्हणाली.

"मग?"

"माहीत नाही."

सलूनवाल्याने कात्री खिशात घातली. "तिलाच बसवा ना समोर. माझं एक गिऱ्हाईक परवा अर्धी दाढी ठेवून गेलं तुमच्यापायी."

लेकीची खोली खोक्यांनी भरली होती. ती उंबऱ्यात उभी राहिली. आयुष्यात तिने लेकीला हजार गोष्टी सांगितल्या होत्या, मागितलं क्वचितच काही होतं, त्यामुळे सुरुवात कशी करायची ते सुचेना.

"जरा पाठ करून बसतेस का?"

"का?"

"मान बघायचीय."

"कशाला?"

"माझ्याकडे नाहीये."

लेकीने तिच्या मागच्या टेबलाकडे पाहिलं, तिथली पांढरी जाळी पाहिली, पिशवीत गोळा झालेले दहा महिने पाहिले. खिडकीपाशी स्टूल ओढून पाठ करून बसली आणि मोबाइल बघायला लागली. "किती वेळ?"

"सवड असेल तेवढा."

रोज सकाळी अर्धा-पाऊण तास. आता बोथट सुई चालत नव्हती. टोकदार सुईने जाळीच्या धाग्यातूनच आरपार जावं लागे, एकच पदर, टाका तांदळाच्या दाण्याहून आखूड, प्रत्येक टाक्याची दिशा वेगळी. तासाला अंगठ्याच्या नखाएवढी जागा भरायची. केसतज्ज्ञ घामाघूम व्हायची. आणि समोर लेकीचं डोकं, जे तिला वाटत होतं तोंडपाठ आहे. डाव्या कानामागे तीळ होता. मानेच्या खळीपाशी केसांचं एक टोक उगाचच वर वळलेलं होतं. आणि डोक्यावर...

"तुला दोन भोवरे आहेत," ती म्हणाली.

"माहितेय. कापणारीने पहिल्याच दिवशी सांगितलं. एक इकडे फिरतो, एक तिकडे. म्हणून भांग कधी सरळ राहायचा नाही."

भांग सरळ राहत नाही म्हणून या डोक्यात आपण किती वेळा फणी हाणली असेल, याचा तिने मनात हिशेब मांडून पाहिला आणि सोडून दिला. सुई चालवत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "ते टायफॉइडचं..."

"हं."

"लाज वाटली म्हणून बोलले मी."

"माझी?"

"तुझी. मग नंतर माझी."

"नंतर म्हणजे कधी?"

"तुझ्या आत्याने डोळे पुसले तेव्हा."

लेकीचे खांदे हलायला लागले. "हलू नकोस, कान चुकतोय," ती म्हणाली. पण लेक हसत होती, आणि हसू दाबल्यामुळे जास्तच हलत होती. "एकवीस दिवस ताप! जरा कमी देता आला नसता का गं आई?"

"त्यात तेवढाच असतो."

"आणि तू एकदाही विचारलं नाहीस, का कापले म्हणून."

सुई थांबली. चार वर्षांत तिने या प्रश्नाची उत्तरं स्वतःच दिली होती. माझा सूड घ्यायला. माझी नजर चुकवायला. मला दाखवायला की डोकं तिचं आहे. एक तर फारच उदात्त होतं, ते तिने एका रविवारी रडता रडता रचलं होतं.

"का कापले?"

"मान दुखायची."

"बस? एवढंच?"

"एवढंच. किती जड होते ते! तुला नुसते विंचरायचे होते, मला वागवायचे होते."

तिच्या सगळ्या उदात्त दुःखातली हवा एका क्षणात निघून गेली. चार वर्षं आपण ज्या नाटकाची नायिका होतो, ते नाटक लागलंच नव्हतं म्हणजे. तिला आधी जरा अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि मग इतकं हलकं की तिने लागोपाठ तीन टाके चुकवले.

जायचा दिवस उजाडला तेव्हा मानेची खळी झाली होती, डावी बाजू झाली होती, एक भोवरा झाला होता. उजवी बाजू कोरी. टेम्पो खाली उभा होता, बाप खोक्यांवर आकडे घालत होता आणि ती अजून सुई हातात धरून बसली होती.

"पूर्ण करून पाठवते," ती म्हणाली.

"नको, तसंच दे. तू पूर्ण करशील तोवर माझे केस खांद्यापर्यंत आलेले असतील." लेकीने चौकट तिच्या हातातून काढून घेतली.

"अगं, अर्धं टक्कल आहे! आलेले गेलेले लोक काय..." आणि पुढचे शब्द तिने गिळले. गिळताना ते चांगले मोठे लागले.

लेकीने चौकट चादरीत गुंडाळली. व्यवस्थित गुंडाळली, हे हिच्या नजरेतून सुटलं नाही. नेलं म्हणजे लावलं असं नव्हे. नव्या घरातही कपाटं असतातच.

नऊ दिवस काही कळलं नाही. फोन रोज व्हायचा. पाणी किती वाजता येतं, शेजारी कोण आहे, गॅस जोडला का. नवरा समोरून खुणा करायचा, विचार ना! ही मान हलवायची. फोन ठेवला की म्हणायची, "मी काय चित्रासाठी फोन करते का?" तो म्हणायचा, "नाही नाही, गॅससाठी."

दहाव्या दिवशी दुपारी, ती कुणाच्यातरी कोटाचं अस्तर सोडवत असताना मोबाइलवर फोटो आला. नवा पडदा. खाली लेकीने लिहिलं होतं, लांब झालाय का गं, चार बोटं कमी करू? ती पडद्याची खालची कड बघायला गेली आणि फोटोच्या उजव्या टोकाला, फ्रिज आणि दिव्याच्या बटणांच्या मधल्या अरुंद भिंतीवर तिला ती दिसली. अर्धी चौकट फोटोच्या बाहेर कापली गेली होती. खिळा जरा डावीकडे गेल्यामुळे तिरकी लटकली होती. जर्दाळूचा कान, एक भोवरा, आणि बाकी पांढरं. कुणाला दाखवायला लावलेली नव्हती. नुसती लावलेली होती, माणूस घरात असतं तशी.

तिने बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मग लिहिलं, पडदा लांबच आहे.

लगेच उत्तर आलं, मग येऊन कमी कर. आणि हिची दुसरी बाजू पण. येणारा प्रत्येक जण विचारतो.

ती उठून पुढे काउंटरपाशी गेली. मालक कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होता.

"सुट्टी हवी होती."

"कशासाठी?"

या प्रश्नाला तिच्याकडे नेहमीच तयार कारणं असत. कंबर होती, डोळे होते, नात्यातली आजारी माणसं तर हवी तेवढी होती.

"मुलीचे केस अर्धे राहिलेत," ती म्हणाली.

मालकाने मान वर केली. "मुलगी किती वर्षांची?"

"एकतीस."

त्याने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. तेवीस वर्षांत तिने एकही पँट उलटी शिवली नव्हती, बहुधा याचाच तो विचार करत असावा. "आठवडाभर पुरे होईल?"

"आठवड्यात दुसरा कान होईल," ती म्हणाली. "केसांचं पुढच्या खेपेला बघू."